ॲन्शुट्झ १९०३ आणि १९०७: नऊ महिने वापरल्यावर

एअर रायफल सोडून ५० मीटरला आले तेव्हा क्लबची ॲन्शुट्झ या जर्मन कंपनीची १९०३ रायफल हातात पडली. सहा महिने ती, नंतर तीन महिने १९०७. स्वप्नील कुसाळेच्या पॅरिसच्या ब्राँझनंतर रेंजवर नवी मुलं वाढलीत, आणि "ताई, दोन्हींत फरक काय?" हे रोजचंच झालंय.

हे आकडे म्हणजे सालं नव्हेत, मॉडेल नंबर. १९०३ ला ‘६४’ ॲक्शन (काडतूस आत बंद करून उडवणारी यंत्रणा), १९०७ ला ‘५४’. ६४ आटोपशीर, ५४ दणकट. १९०७ चा बोल्ट (काडतूस आत ढकलून बंद करणारा दांडा) इतका अलगद बसतो की सुरुवातीला तो बंद झालाय का, हे मी वाकून बघायचे. ट्रिगर दोन्हींचा टू-स्टेज (आधी हलका खेचायचा, मग अडतो तिथून थोडं दाबलं की गोळी सुटते), पण १९०७ वर पहिली स्टेज कुठे संपते ते माझ्या बोटाला जास्त नेमकं कळतं.

एवढं असून पहिल्या आठवड्यात माझा स्कोअर घसरला! दोष बटप्लेटचा (खांद्याला टेकणारा, वरखाली सरकणारा भाग), म्हणजे माझाच. नीलिंगची (गुडघ्यावर बसून मारायची) उंची ठेवून प्रोन (पालथं पडून) मारत होते. आता बसून, पडून आणि उभं राहून मारायला बटप्लेटच्या पट्टीवर मार्करने तीन रंगांच्या खुणा केल्यात.

खरा घोळ गोळ्यांचा. पॉइंट टू-टूमध्ये (या रायफलींचं ०.२२ इंची काडतूस) पेटणारा मसाला काडतुसाच्या कडेत असतो, पिन तिथेच आपटते. सेंटरफायर (मसाला बुडाच्या मधोमध असलेलं काडतूस) घरी पुन्हा भरता येतं, हे येत नाही, त्यामुळे कारखान्यातून आलेला लॉट (एका खेपेत बनलेल्या गोळ्या) जसा असेल तसा. कंपनी एक, डबा एकसारखा, फक्त लॉट नंबर वेगळा. १९०७ स्टँडवर घट्ट बसवून दोन लॉट मारून पाहिले: एकाचा दहा गोळ्यांचा ग्रुप टार्गेटच्या मधल्या दहाच्या वर्तुळात मावला, दुसऱ्याच्या तीन गोळ्या नऊमध्ये. दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर, गोळी ५.६; चुकायला जागा किती, बघा. तोच दुसरा लॉट १९०३ ला मात्र मानवला. त्या दिवशी जुनी रायफल नवीच्या पुढे गेली, आणि मॉडेलवरून वाद घालणारे आमच्याकडचे दोघं जरा गप्प झाले.

पावसाळ्यात बोल्ट रोज पुसा. मी एकदा गंजाच्या धास्तीने बॅरलमध्ये तेल जरा सढळ हाताने सोडलं आणि कोरडी चिंधी फिरवायला विसरले. पहिल्या चार गोळ्या कुठेही गेल्या. मी डायॉप्टरचे (नेम धरायच्या मागच्या साइटचे) क्लिक फिरवत बसले, मग पाचवीपासून सगळं उलट्या बाजूला.

पुढच्या महिन्यात नवा लॉट येतोय. दोन्ही रायफली घेऊन बसणार आहे.