गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचं सामान भाड्याने घेतलं, त्याबद्दल (4 स्टार)

सासूबाईंचा उजवा गुडघा बदलला, घरी न्यायच्या आदल्या दिवशी नर्सने यादी हातात ठेवली की वॉकर, कमोड खुर्ची, आइस पॅक, आणि शक्य असेल तर हॉस्पिटलसारखा बेड. आमचं घर डोंबिवलीत, जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही आणि संडास भारतीय. म्हणून या दुकानात फोन केला. खरं सांगते, मला वाटलं होतं हे लोक यादी ऐकतील, बिल करतील आणि सगळं आणून टाकतील.

तर दुकानाच्या काकांनी पहिला प्रश्न विचारला, बाथरूमचं दार किती रुंद आहे? मी म्हटलं म्हणजे? म्हणे टेप घ्या आणि चौकट धरून नका मोजू, दार उघडल्यावर आतून मोकळी जागा किती राहते ते मोजा. मोजलं तर दोन फुटालाही थोडं कमीच. नेहमीचा वॉकर सरळ आत जाणारच नाही आणि ओल्या फरशीवर तो तिरका करून घुसवायचा म्हणजे दुसऱ्या ऑपरेशनची तयारीच. मग त्यांनी कमी रुंदीचा पाठवला. कमोड खुर्ची पण अशी दिली की भांडं काढून ती भारतीय संडासावर सरळ उभी करता येते आणि उंचीही वाढवता येते, त्यामुळे गुडघा फार वाकवायला लागला नाही.

बेड मात्र त्यांनीच नको म्हणून सांगितलं. घरचा पलंग पुरेसा उंच असेल तर कशाला पैसे घालवता, गादी खचलेली असेल तर खाली प्लाय टाका. भाड्याने देणाराच असं म्हणतो म्हटल्यावर माझा विश्वास बसला. पाय आपोआप वाकवणारं ते सीपीएम मशीन असतं ना, त्याचं पण तसंच. नणंदेने यूट्यूबवर बघितलेलं, तिचा फार आग्रह. काका म्हणाले मशीन आहे माझ्याकडे, पण डॉक्टरांनी लिहून दिलंय का ते आधी बघा. लिहिलं नव्हतं. नंतर फिजिओ मॅडमना विचारलं तर त्याही म्हणाल्या की अभ्यासांमध्ये त्याचा म्हणावा तसा फायदा दिसलेला नाही, स्वतः टाच घासत पाय वाकवायचा तोच खरा व्यायाम.

वॉकर घेऊन आलेल्या मुलाने आईंना उभं केलं, हात बाजूला सोडायला लावले आणि वॉकरची मूठ मनगटाच्या रेषेला येईल अशी उंची लावून दिली. पाच मिनिटांचं काम आहे पण हॉस्पिटलमध्ये कोणी केलं नव्हतं, तिथे दिलेला वॉकर धरून आई चक्क वाकून चालायच्या.

आता तक्रारी. आइस पॅक घेऊ नका, वेलक्रो लगेच सुटायला लागला आणि फ्रीजरमधून काढला की गारवा पंधरा-वीस मिनिटं पण धड टिकत नाही. मटारचं पाकीट पंचात गुंडाळून ठेवलं तर तेवढंच काम होतं (थेट कातडीवर नाही हं, आणि टाके निघेपर्यंत पट्टी भिजू द्यायची नाही). कमोड खुर्चीच्या एका पायाचं रबर झिजलेलं होतं, फोन केल्यावर बदलून दिलं पण पाठवायच्या आधीच बघायला हवं होतं, म्हातारं माणूस बसणार आहे त्यावर. आणि सामान परत न्यायचे वेगळे पैसे पडतात हे आधी कोणी बोललं नाही, डिपॉझिटमधून कापले तेव्हा कळलं. डिपॉझिट पण दोन-तीनदा आठवण केल्यावर आलं. म्हणून एक स्टार कमी.

वॉकर शक्यतो विकतच घ्या, साधा घडीचा हजार-दीड हजारात येतो आणि घरात पुन्हा कधीतरी लागतोच. कमोड खुर्ची भाड्याने. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीला सरकारने ऑगस्ट 2017 मध्ये मर्यादा घातली, पण घरी आल्यावर लागणाऱ्या या सगळ्या किरकोळ सामानाला तसं काही नाही, प्रत्येक दुकानाचा भाव वेगळा, त्यामुळे दोन ठिकाणी फोन करून विचाराच.

आणखी एक, दुकानाशी संबंध नाही पण लिहिते. भेटायला येणारी प्रत्येक काकू प्रेमाने गुडघ्याखाली लोड सरकवायची, बरं वाटतं म्हणून. फिजिओ मॅडमनी सक्त मनाई केली, गुडघा त्याच वाकलेल्या अवस्थेत आखडतो, लोड ठेवायचाच तर टाचेखाली, म्हणजे गुडघा सरळ व्हायला लागतो. दुखतं, आई चिडायच्या पण, तरी तसंच. जिन्याला चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, आम्ही तर भिंतीवर चिठ्ठी चिकटवली होती. पोटरी अचानक सुजली किंवा दुखायला लागली तर चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

या दुकानात सकाळी फोन केलात तर काका स्वतः उचलतात, संध्याकाळी मुलगा उचलतो आणि तो घाईत असतो. दाराचं माप आणि पलंगाची उंची आधीच लिहून ठेवा आणि सामान परत न्यायचे किती ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.