मुद्रितशोधकाच्या नजरेतून बायबल अभ्यासाची तीन साधनं

बायबल अभ्यासासाठी कुठलं ॲप घ्यावं, असं मंडळीतली तरुण मुलं अधूनमधून विचारतात. मी त्यांना तीन संकेतस्थळं सांगतो, तिन्ही फुकट. आधी सिनायचं हस्तलिखित बघा, मग यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाची गुंडाळी बघा, आणि स्टेप बायबल सगळ्यात शेवटी उघडा. हा क्रम मुलांना उलटा वाटतो. पण माझी हयात मुद्रितशोधनात गेली. स्वच्छ छापलेला मजकूर समोर आला की आधी त्याचं प्रूफ कुठंय, असं मनात येतं. ही खोड गृहीत धरूनच पुढचं वाचा.

सिनायचं हस्तलिखित, म्हणजे कोडेक्स सिनायटिकस, चौथ्या शतकाच्या मध्याचं. चर्मपत्रावर ग्रीकमध्ये लिहिलेलं, बहुतेक पानांवर मजकुराचे चार स्तंभ. संपूर्ण नवा करार असलेली याहून जुनी प्रत आपल्याकडे नाही. टिशेनडॉर्फ नावाच्या जर्मन अभ्यासकाने इजिप्तमधल्या सिनायच्या मठातून १८४४ साली त्याची ४३ पानं नेली आणि १८५९ मध्ये उरलेला मोठा भाग रशियाच्या झारकडे पोहोचवला. त्या व्यवहाराबद्दल मठाची बाजू वेगळी आहे, आणि ती ऐकण्यासारखी आहे. १९३३ मध्ये सोव्हिएत सरकारने तो भाग ब्रिटिश म्युझियमला एक लाख पौंडांना विकला. आज ३४७ पानं लंडनला, ४३ लाइपझिगला, आणि बाकीची काही पानं व तुकडे मठात आणि सेंट पीटर्सबर्गला आहेत. २००९ पासून हे सगळं एका पडद्यावर बघता येतं.

बघण्याची सोय फार विचारपूर्वक केली आहे. पानाचं छायाचित्र आणि त्याचा ग्रीक मजकूर शेजारीशेजारी येतात. मजकुरातल्या शब्दावर टिचकी मारली की छायाचित्रात तोच शब्द दाखवला जातो. ग्रीक येत नसणाऱ्या माझ्यासारख्याचं घोडं त्यामुळेच पुढे सरकतं. प्रकाशाचे दोन पर्याय आहेत. तिरप्या प्रकाशातलं चित्र निवडलंत तर चर्मपत्राच्या सुरकुत्या आणि ओळी सरळ याव्यात म्हणून ओरखडलेल्या रेघा उठून दिसतात. कुठे खाडाखोड झाली, नंतरच्या हाताने काय भरलं, याच्या नोंदी मजकुरातच आहेत.

आणि दुरुस्त्या भरपूर आहेत! हे काम एकाच लिपिकाचं, म्हणजे हाताने प्रत उतरवणाऱ्याचं, नाही. अभ्यासकांनी त्या लिपिकांना अक्षरांची नावं दिली आहेत; त्यांतल्या ‘बी’चं शुद्धलेखन भयंकर आणि ‘डी’चं सगळ्यांत नेटकं. ‘डी’ने इतरांची काही पानं नव्याने लिहिलेलीही दिसतात. आमच्या छापखान्यातही असा एक ‘डी’ असायचाच.

माझं आवडतं पान योहानाच्या शुभवर्तमानाचं शेवटचं. लिपिकाने २१व्या अध्यायाचं २४वं वचन लिहिलं, खाली समाप्तीची नक्षी काढली, पुस्तकाचं नावही घातलं. मग तो सगळा भाग धुऊन काढला, २५वं वचन लिहिलं आणि नक्षी पुन्हा काढली. १९३०च्या दशकात अतिनील प्रकाशात तपासताना खालची पुसलेली नक्षी सापडली. आता हे वचन काय सांगतं? येशूने केलेलं सगळं एकेक करून लिहिलं तर ती पुस्तकं जगात मावणार नाहीत!

इथे अभ्यासगटात हमखास एक प्रश्न येतो. आमच्यातल्या एक मावशी तर हे पान बघून चिडल्याच. ‘पवित्र आत्म्याच्या प्रेरणेनं लिहिलंय ना, मग ही पुसापुशी कसली?’ प्रश्न रास्त आहे आणि साधन ते उत्तर देत नाही. द्यायलाही नको. मी त्यांना यिर्मयाचा ३६वा अध्याय काढायला सांगितला. संदेष्टा तोंडाने सांगतो, बारूख शाईने लिहितो, राजा यहोयाकीम ती गुंडाळी चाकूने कापून शेगडीत टाकतो. मग दुसरी गुंडाळी लिहिली जाते, आणि तिच्यात आणखी मजकूर घातला गेला असं शास्त्र स्वतःच सांगतं. शुभवर्तमान लिहिणारा लूक तर आपण सगळ्याचा मुळापासून शोध केल्याचं पहिल्या चार वचनांतच सांगतो. रोमकरांस पत्राच्या शेवटी तर्तिय नावाचा लेखनिक मध्येच स्वतःचा सलाम घालतो. प्रेरणा म्हणजे माणसाच्या हातातली लेखणी आपोआप चालणं, असं ही पुस्तकं स्वतःबद्दल म्हणत नाहीत. शिवाय मूळ लेखकाची प्रेरणा वेगळी आणि तीनशे वर्षांनी प्रत करणाऱ्याची डुलकी वेगळी. मावशींचं पूर्ण समाधान झालं नाही, पण पुढच्या आठवड्यात त्या मार्काच्या शुभवर्तमानाचं शेवटचं पान बघायला स्वतःहून बसल्या. सिनायच्या प्रतीत मार्क १६:८लाच संपतो. अनेक छापील बायबलांत पुढची वचनं कंसात किंवा तळटीपेसह का येतात, ते यामुळे कळतं.

यशयाची गुंडाळी १९४७ मध्ये मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहेत सापडली. ती इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली, सात मीटरहून लांब, ५४ स्तंभांची. इस्राएल म्युझियमने गूगलच्या मदतीने २०११ मध्ये ती इंटरनेटवर आणली. गुंडाळी उजवीकडून डावीकडे सरकवायची, वचनावर टिचकी मारली की इंग्रजी भाषांतर येतं. फार काही शिकावं लागत नाही.

थेट ४०व्या अध्यायावर जा. ‘गवत सुकते, फूल कोमेजते’ हे शब्द तिथे सातव्या वचनात आहेत आणि आठव्यातही. लिपिकाची नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर गेली आणि मधला मजकूर गळला. प्रूफ वाचणाऱ्याला ही चूक झोपेतही ओळखू येईल. दोन ओळींत सारखे शब्द आले की जुळाऱ्याच्या हातून हेच व्हायचं. नंतर दुसऱ्या कुणीतरी गळलेला भाग दोन ओळींच्या मध्ये बारीक अक्षरात लिहिला, जागा पुरेना म्हणून समासात खाली उतरवला. त्यात परमेश्वराचं नाव अक्षरांत न लिहिता चार ठिपके दिले आहेत. आणि हे सगळं कुठे, तर देवाचं वचन सर्वकाळ टिकतं, असं सांगणाऱ्या ओळीपाशी. हे एक पान दाखवून मी तासभर बोलू शकतो, आणि बोललोही आहे.

स्टेप बायबल केंब्रिजच्या टिंडेल हाउस या बायबल-संशोधन संस्थेने तयार केलं आहे. शब्दावर टिचकी मारा, मूळ हिब्रू किंवा ग्रीक शब्द, त्याचा अर्थ आणि तो आणखी कुठे आलाय ते समोर. जेम्स स्ट्राँगच्या १८९०च्या जाडजूड शब्दसूचीत बोट फिरवत शोधायचो, ते आता क्षणात होतं. जाहिराती नाहीत, संगणकावर उतरवून घेतलं तर इंटरनेटशिवायही चालतं. काम चोख. पण इथे मजकूर पुन्हा स्वच्छ, एकसंध दिसतो, कुणाचाच हात दिसत नाही. म्हणून ते शेवटी.

उणिवाही आहेत. सिनायच्या स्थळावर भाषांतर मोजक्याच भागांचं आहे, बाकी ठिकाणी अध्याय-वचनाच्या क्रमांकावर विसंबावं लागतं. हस्तलिखितांच्या दोन्ही स्थळांवर मराठी नाही, म्हणून आपलं छापील बायबल शेजारी उघडं ठेवा. गट असेल तर इंग्रजी वाचणारा एक जण संगणकापाशी बसवा. छायाचित्रं मोबाइलवर बघण्यात अर्थ नाही, समासातली अक्षरं दिसणारच नाहीत. शेकडो भाष्यांचे महागडे संच मात्र सध्या घेऊ नका. त्यातली निम्मी पुस्तकं कुणी उघडतही नाही. प्रवचनं तयार करणाऱ्या पाळकांची गोष्ट निराळी. बाकीच्यांनी योहानाच्या त्या शेवटच्या पानापासून सुरुवात करावी, आणि प्रकाशाचा पर्याय तिरप्यावर ठेवायला विसरू नये.