एएसी ब्लॉक की रॅट-ट्रॅप बाँड: छोट्या घराच्या भिंती ठरवताना

घर दोन मजल्यांचं, जागा बेताची, पैसा मोजून-मापून आणलेला. वर मनात असंही आहे, की सिमेंट आणि कोळसा कमी लागावा, घर उन्हाळ्यात भट्टीसारखं तापू नये. अशा वेळी बाहेरच्या भिंतींसाठी चौकशी करत गेलं की शेवटी बहुधा दोनच नावं हातात उरतात: एएसी ब्लॉक, म्हणजे बुडबुड्यांच्या हलक्या काँक्रीटचा ठोकळा, आणि रॅट-ट्रॅप बाँडचं, म्हणजे मध्ये पोकळी ठेवून केलेलं, वीटकाम. मी दोन्हीमध्ये राहिलो आहे. आधी नऊ वर्षं ब्लॉकच्या घरात, आता सहा वर्षं स्वतः बांधलेल्या विटांच्या घरात.

आधी ब्लॉकबद्दल, कारण त्याची बाजू खरोखर भक्कम आहे. १९२०च्या दशकात स्वीडनमध्ये आक्सेल एरिक्सन यांनी तो तयार केला, लाकडासारखं हलकं पण न जळणारं काहीतरी हवं म्हणून. ॲल्युमिनियमच्या भुकटीने मिश्रणात वायूचे बुडबुडे तयार होतात आणि मग ब्लॉक दाबाच्या वाफेत पक्का होतो. एका घनमीटरचं वजन साधारण ६०० किलो, म्हणजे विटेच्या जवळपास एक तृतीयांश. भिंतच हलकी झाली की बीम, कॉलम, पाया सगळ्यावरचा भार उतरतो आणि लोखंड वाचतं. शिवाय वीजकेंद्रांची राख त्यात खपते, शेताची वरची माती भट्टीत जात नाही. चार-पाच मजल्यांची सोसायटी उभी करायची असेल, तर ब्लॉकच घ्या.

उकाड्यातही ब्लॉक उजवा. जुन्या घरातली पश्चिमेची भिंत रात्री दहाला हाताला थंड लागायची. आताची त्या वेळी किंचित कोमट असते. वरच्या मजल्यावर मात्र खरा उकाडा छतातून येतो, तेव्हा या एका मुद्द्यावर भिंत ठरवू नये असं मला वाटतं.

जागेचा हिशेबही ब्लॉकच्या बाजूने आहे. रॅट-ट्रॅपची भिंत ९ इंची, म्हणजे २३० मिलिमीटर. ब्लॉकची १५० मध्ये होते. ५ बाय ६ मीटरच्या घराला चारी बाजूंनी हा फरक लावला, तर पावणेदोन चौरस मीटर जातात. एवढ्याशा घरात ती एका माणसाची झोपायची जागा आहे. मला हा तोटा आजही जाणवतो.

मग मी वीट का निवडली? एका भेगेमुळे.

जुन्या घरात पलंगाच्या डोक्याशी, कॉलम आणि ब्लॉक जिथे भेटतात तिथे, छतापासून कपाटाच्या माथ्यापर्यंत केसासारखी एक उभी रेघ होती. ब्लॉक वाळताना आकसतो, काँक्रीटचा कॉलम उन्हाथंडीला आपल्या चालीने हलतो, आणि मधला गिलावा दोघांच्या ओढाताणीत फाटतो. जोडावर जाळी मारून, ब्लॉक बेताने ओला करून गिलावा केला तर भेग पडत नाही असं जाणकार सांगतात, आणि ते खरंही असेल. आमच्याकडे जाळी मारलेली होती की नाही, कोण जाणे. आम्ही पुट्टी भरली, घासली, रंग दिला. पुढचा उन्हाळा सरला की रेघ पुन्हा त्याच जागी. पावसाळ्यात तिच्या कडेने रंग फुगायचा आणि नखाने उचलला की पापुद्रा हातात यायचा. असं नऊ वर्षांत चार वेळा.

एवढ्याशा भेगेचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल. पण दोन खोल्यांत सहा माणसं असताना एक खोली रंगवायला काढणं म्हणजे काय, हे ज्याने केलं त्यालाच ठाऊक. कपाट, गाद्या, आजारी म्हातारं माणूस, मुलांची दप्तरं, सगळं दुसऱ्या खोलीत. ब्लॉक पाणी पितो, म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी गिलावा लागतोच, आणि गिलाव्याला रंग. बांधताना वाचलेला पैसा घरमालक पुढे हप्त्याहप्त्याने परत देतो. परवडणारं घर म्हणताना मला ही देखभालच सगळ्यात आधी मोजावीशी वाटते.

रॅट-ट्रॅपमध्ये वीट कडेवर उभी करतात. ९ बाय ४ बाय ३ इंची विटेच्या दोन ३ इंची पाळ्या, म्हणजे दोन पातळ भिंती, मध्ये ३ इंची पोकळी, आणि ठरावीक अंतराने एक वीट आडवी घालून दोन्ही पाळ्या बांधलेल्या. भरीव ९ इंची भिंतीपेक्षा साधारण चौथाई विटा वाचतात, जोडायचा सिमेंट-वाळूचा माल त्याहून जास्त. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात साध्या माणसांच्या घरांसाठी ही पद्धत रुजवली. दोन मजल्यांपर्यंत भिंतच भार घेते, म्हणजे कॉलम नाही, कॉलम नाही म्हणजे तो जोड नाही, आणि भेग पडायला जागाही नाही. भूकंपाचा धोका असेल तिथे कोपऱ्यांच्या पोकळीत उभी सळई घालून काँक्रीट भरता येतं. दर्जा, म्हणजे विटांमधल्या फटी, नीट भरल्या की गिलावाही नको, रंगही नको. सहा वर्षांत मी आतल्या भिंतींना ओल्या फडक्याखेरीज काही लावलेलं नाही.

याच्याही अडचणी आहेत. भट्टीची वीट कोळसा खाते, हे नाकारण्यात अर्थ नाही. विटा कमी लागतात आणि गिलाव्याचं सिमेंट वाचतं, एवढाच त्यावर माझा दिलासा. राखेच्या विटेतही ही भिंत होते, फक्त ९० बाय ९० मिलिमीटरची मॉड्युलर वीट घेऊ नका, कडेवर ठेवून तिच्यात पोकळीच उरत नाही. विजेचे पाइप पोकळीतून छान जातात, पण प्रत्येक बटणाची जागा आधी ठरवावी लागते. जड कपाट टांगायचं तिथली भिंत भरीव बांधून घ्यावी. तिरप्या पावसाची बाजू मात्र जपा. तिथे आडव्या विटेतून ओल आत येते. आमच्याकडे आली, आणि छज्जा काढायला जागा नव्हती म्हणून तेवढ्या एका भिंतीला बाहेरून गिलावा करावा लागला.

सगळ्यात मोठी अडचण गवंड्याची. काम अवघड नाही, पण सवय नसते, आणि हात चुकला की माल पोकळीत पडून दोन पाळ्या आतून जोडल्या जातात. मग ओलीला आणि उन्हाला वाट मिळते. आमच्या गवंड्याने पोकळीच्या रुंदीची लाकडी पट्टी केली होती. प्रत्येक थराला ती पोकळीवर ठेवायची, माल पसरायचा, पट्टी उचलून झटकायची, मग वीट. पहिल्या दिवशी काम रेंगाळलं, तिसऱ्या दिवशी पट्टी आपोआप पुढे सरकू लागली.

तुमचा गवंडी नवीन असेल तर त्याच्याकडून तीन फूट भिंत आधी बांधून घ्या आणि वरून पोकळीत टॉर्च मारून पाहा. तळ स्वच्छ दिसला तर बिनधास्त पुढे जा. मालाचे गोळे दिसले आणि दुसऱ्या खेपेलाही दिसले, तर ब्लॉक घ्या, पण प्रत्येक कॉलमच्या जोडावर जाळी मारताना स्वतः उभे राहा.