मॅरियन काउंटी रेकॉर्ड – डिजिटल वर्गणी (5 पैकी 5)

कॅन्ससमधल्या एका छोट्या गावाचं साप्ताहिक मी कशाला घेतो असं घरचेपण विचारतात. मॅरियनमध्ये माझं कोणी नाही, मी तिथे कधी गेलोही नाही, राहतो टेक्ससला. ऑगस्ट 2023 मध्ये या पेपरवर धाड पडल्याचं वाचलं, त्याच आठवड्यात वर्गणी भरली आणि अजून चालू आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गावाची वस्ती 2 हजारांच्या आत. तिथे रेस्टॉरंट चालवणाऱ्या एका बाईंवर दारू पिऊन गाडी चालवल्याची जुनी केस होती, ते कागद कोणीतरी पेपरकडे पाठवले. रिपोर्टरने सरकारी वेबसाइटवर खात्री करून घेतली, आणि संपादक एरिक मायर यांनी ते छापलं तर नाहीच, उलट स्वतःहून पोलिसांना कळवलं की आमच्याकडे असं असं आलंय. तरी 11 ऑगस्टला पोलिस चीफ गिडियन कोडी माणसं घेऊन ऑफिसात शिरले आणि कॉम्प्युटर, सर्व्हर, रिपोर्टरांचे मोबाइल सगळं उचलून नेलं. मॅजिस्ट्रेटने वॉरंटवर सहीपण करून दिली होती! आणि लागेबांधे बघा, त्या बाईंचं रेस्टॉरंट ज्या हॉटेलात होतं ते काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) सरकारी वकिलाच्या भावाचं, आणि चीफसाहेबांच्या आधीच्या नोकरीबद्दलच्या तक्रारी याच पेपरकडे आलेल्या, त्याची चौकशी चाललेली. कोणी कोणाला काय सांगितलं ते मी बघायला नव्हतो. पण तालुक्याच्या गावात वाढलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटतं, साहेब, वकील आणि हॉटेलवाला सगळे एकाच पंगतीतले, मग तक्रार घेऊन जायचं कोणाकडे?

त्याच दिवशी मायर यांच्या घरीपण पोलिस गेले. त्यांच्या आई जोन मायर, वय 98, पेपरच्या सहमालक. घरातल्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ आहे, वॉकर धरून उभ्या आहेत, खोलीत पोलिसच पोलिस, आणि त्या ओरडून सांगतायत की माझ्या घरातून चालते व्हा. दुसऱ्या दिवशी त्या वारल्या. तो व्हिडिओ मला पहिल्यांदा पूर्ण बघवला नाही.

आणि एवढं होऊन पुढचा अंक बुधवारी वेळेवर निघाला, रात्र रात्र जागून काढला. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात, सामान जप्त झालंय पण आम्ही गप्प बसलेलो नाही. मी अमेरिकेत आल्यापासून एखाद्या अंकासाठी इतका थांबलो नव्हतो. त्याच दिवशी सरकारी वकिलाने पुरावा पुरेसा नाही म्हणून वॉरंट मागे घेतलं, सामान परत मिळालं. ऑक्टोबरमध्ये चीफनी राजीनामा दिला, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये काउंटीने 30 लाख डॉलर्सच्या वर भरपाई कबूल केली, शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलिसप्रमुखाच्या ऑफिसकडून माफीपण.

आता पेपर कसा आहे ते. दर आठवड्याला धाडीसारखं काही नसतं हे आधीच सांगतो. काउंटी आणि नगरपालिकेच्या मीटिंगा, शाळा, गावचे खेळ, कोण गेलं, असंच. काही अंक मी दहा मिनिटांत संपवतो, गावाबाहेरच्या माणसाला अर्धी नावं कळतच नाहीत. पण मीटिंगच्या बातम्या नीट वाचा, कोण काय बोललं, पैसा कुठे गेला, हे लिहिलेलं असतं. संपादकीय तिखट असतं, मायर पूर्वी इलिनॉय विद्यापीठात पत्रकारिता शिकवायचे ते जाणवतं. काहींना ते जास्तच कडक वाटेल, मला आवडतं.

आमच्या तालुक्याचं साप्ताहिक जाहिराती आटल्यावर बंद पडलं. आता तिथे पोलिस स्टेशनात काय चाललंय ते व्हॉट्सॲपवर कळतं, तेही दोन गटांनी दोन प्रकारे सांगितलेलं, त्यातलं खरं कुठलं ते बाबांनाच फोन करून विचारावं लागतं.

ज्यांना एखादा पेपर चालू राहावा म्हणून पैसे द्यायचे असतील त्यांनी हा घ्या, आणि तुमच्या गावात असं साप्ताहिक अजून निघत असेल तर आधी त्याची वर्गणी भरा.