डिक्शनरी अ‍ॅप चांगलंय, पण 'इनसिक्युअर' शोधून बघा
मुलीच्या अभ्यासासाठी एक फुकटचं इंग्रजी-मराठी डिक्शनरी अ‍ॅप टाकलंय, उच्चार एकदम क्लिअर, नेट नसलं तरी चालतं, त्याचे पैकीच्या पैकी मार्क. अर्थांच्या बाबतीत मात्र फारच तोकडं. इनसिक्युअर टाकलं की एकच शब्द, असुरक्षित, विषय संपला! अहो शिडी इनसिक्युअर असेल तर आपण डुगडुगतेय म्हणतो, नोकरी असेल तर बेभरवशाची, आणि जिवलग मैत्रीण दुसऱ्या ग्रुपमध्ये रमली की एखादी पोरगी इनसिक्युअर होते तेव्हा तिला आतून धास्ती असते, आपण कमी पडतोय असं वाटत राहतं, तिथे असुरक्षित म्हटलं तर वाटेल कोणी मारायलाच टपलंय. मूळ लॅटिनमध्ये 'क्युरा' म्हणजे काळजी आणि सिक्युअर म्हणजे काळजी नसलेला, एवढं एका ओळीत दिलं असतं तरी पोरांना पटकन कळलं असतं. वेबसाइटला मात्र असुरक्षित फिट्ट बसतो, २०१८ पासून क्रोम ब्राउझर साध्या एचटीटीपी (म्हणजे माहिती सांकेतिक न करता उघडीच पाठवणाऱ्या) साइटवर तसाच इशारा देतंय. उदाहरणाची वाक्यं टाकाच प्लीज, मुलं त्यावरच निबंध लिहितात. सध्या पाचपैकी तीन स्टार, स्पेलिंग-उच्चारासाठी बिनधास्त घ्या, अर्थासाठी जाडी छापील डिक्शनरी शेजारी ठेवा.