रत्नागिरीत १५४१ ड्राइव्हची रॅम बदलून मिळते, खरंच

कोणाकडे जुना कमोडोर ६४ (ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर) आणि त्याचा १५४१ डिस्क ड्राइव्ह माळ्यावर पडून असेल तर पुण्या-मुंबईला पाठवायच्या आधी मारुती मंदिरकडच्या ह्या टीव्ही-इन्व्हर्टर रिपेअरिंगवाल्या काकांना एकदा दाखवा. दुकान म्हणजे दीड माणसाची जागा, पाटी गंजलेली, पण काम एक नंबर.

माझा ड्राइव्ह (मामाने मस्कतहून आणलेला) चालू केला की लाल लाईट चार वेळा लुकलुकायचा, थांबायचा, परत चार. मुंबईत एकाने न उघडताच हेड (डिस्क वाचणारा भाग) गेलं म्हणून सांगितलेलं. काकांनी कॉम्प्युटरची केबलपण लावली नाही, नुसता लाईट मोजला. ह्या ड्राइव्हला स्वतःचा ६५०२ प्रोसेसर, २ केबी रॅम (कामापुरती मेमरी) आणि १६ केबी रॉम (कायमचा प्रोग्राम असलेली मेमरी) आहे ना, त्यामुळे चालू झाल्या झाल्या तो स्वतःलाच तपासतो आणि काय बिघडलंय ते लाईटने सांगतो, एकदा लुकलुकला तर झिरो पेज म्हणजे रॅमचा अगदी सुरुवातीचा भाग, दोन किंवा तीन म्हणजे रॉम, चार म्हणजे बाकीची रॅम. लाईट आणि मोटर दोन्ही चालूच राहिले तर मात्र मोजायला काहीच नाही, मग प्रोसेसर, रॉम, रिसेट सगळ्यांवरच संशय.

चार दिसले म्हणून लगेच चिप उपटली असंही नाही. आधी ५ व्होल्ट नीट येतायत का बघितलं, मग चिपचे पाय, कारण आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात ते हिरवे पडायला कितीसा वेळ लागतो. मग एक चांगली ६११६ (रॅमची चिप) जुन्या चिपच्या पाठीवर दाबून धरली. लाईट तसाच, चार. म्हटलं काका, मग रॅम चांगली असेल? "नाय हो, खालची आतून शॉर्ट असली तर वरची काय करणार?" जुनी काढून २४ पायांचा सॉकेट बसवला, त्यात नवीन चिप, आणि लाल लाईट एकदा लागून विझला!! सॉकेटचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत. गणपतीच्या आधी जाऊच नका, तेव्हा सगळ्या गावाचे टीव्ही तिथे असतात. हेड अलाइनमेंट (हेड नेमक्या जागी बसवणं) करत नाहीत, स्पष्ट सांगतात. आणि रॉम गेला असेल तर इप्रॉम (रॉमच्या जागी बसणारी, आपल्याला भरता येणारी चिप) आपणच प्रोग्राम करून न्यायची, जुन्या २३६४ रॉमला २४ पाय आणि बाजारातल्या २७६४ इप्रॉमला २८, त्यामुळे अडॅप्टरपण लागतो, तो बसवून द्यायचं काम काका करतात.