दोन फुटांचं रणांगण: डीबीए खेळून एक पावसाळा गेल्यानंतर

टेबलावर छोट्या पुतळ्यांची सैन्यं मांडून लढाई खेळायची म्हटलं की बहुतेकांना वॉरहॅमर ४०,००० आठवतो. १९८७ पासून चालत आलेला, देखणा आणि मोठ्या पसाऱ्याचा खेळ आहे तो. मी लिहितेय ते 'डी बेलिस अँटिक्विटाटिस' म्हणजे डीबीए या जुन्या काळातल्या लढायांच्या खेळाबद्दल. गेल्या उन्हाळ्यापासून कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घरी हाच चालू आहे, आणि नोकरी-घर सांभाळून निवांतपणे खेळता येईल असा युद्धखेळ शोधणाऱ्याला मी बिनदिक्कत हाच सुचवेन.

पहिलं कारण आकार. प्रत्येक बाजूला फक्त १२ तुकड्या (एका छोट्या पट्टीवर चिकटवलेले पुतळे म्हणजे एक तुकडी), आणि १५ मिलिमीटरचे पुतळे घेतले तर दोन फूट बाय दोन फूट जागा पुरते. वॉरहॅमरच्या नेहमीच्या मोठ्या डावाला ६० बाय ४४ इंचांचं टेबल आणि तीनेक तास हाताशी लागतात. डीबीएचा डाव तासाभरात संपतो. रविवारी मटण शिजेपर्यंत भाचा आणि मी एक लढाई पुरी करतो, आणि कुणालाही जेवणाचं टेबल मोकळं करायला सांगावं लागत नाही. नियमही सारखे बदलत नाहीत. वॉरहॅमरच्या आवृत्त्या २०१७, २०२०, २०२३ अशा आल्या. डीबीए १९९० चा, आणि त्याचा गाभा आजही तोच आहे. महिनाभर खेळायला जमलं नाही तरी परत बसल्यावर नव्याने काही शिकावं लागत नाही. निवांत छंदासाठी मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आता खरी गंमत. पाळी आली की एकच फासा टाकायचा. जो आकडा पडेल तेवढ्याच हालचाली. खेटून उभी असलेली फळी एका आकड्यात सगळी मिळून पुढे जाते, पण ती फुटली की प्रत्येक तुकडीला वेगळा आकडा मोजावा लागतो. त्यामुळे सुरुवातीला डौलात चालणारं सैन्य लढाई पेटल्यावर सेनापतीच्या हातातून कसं निसटतं, ते डोळ्यांनी दिसतं. भिडल्यावर दोघांनी एकेक फासा टाकायचा आणि त्यात आपापल्या तुकडीचं बळ मिळवायचं. कमी पडलेला बहुधा मागे सरकतो. त्याची बेरीज समोरच्याच्या निम्मी किंवा त्याहून कमी भरली तर बहुधा तुकडीच जाते. चार तुकड्या गेल्या आणि शत्रूपेक्षा आपल्याच जास्त गेल्या असतील, तर हार.

आमच्याकडे अलेक्झांडर आणि पोरस आहेत, झेलमकाठची इ.स.पू. ३२६ ची लढाई. ग्रीकांच्या लांब भाल्यांच्या तुकड्या एकामागे एक उभ्या केल्या की समोरून त्यांना हलवणं महाकठीण. पोरसचे हत्ती दिसायला भारी, पण हलक्या भालाफेक्यांकडून हरले तर थेट बाद होतात. भाचा अलेक्झांडर घेतो, तरी माझीच काळजी त्याला जास्त: "आत्या, हत्ती मागं ठेव की गं, माझी पोरं टपलीत!" असं तो स्वतःहून सांगतो. आमच्या घरात डाव असाच चालतो आणि तो असाच चालावा.

सामानाबद्दल थोडं सविस्तर. पुतळे धातूचे घेतले, बाहेरून मागवले. कस्टम्सचा भुर्दंड आणि वाट बघणं दोन्ही धरून चाला. काही रेझिनचे, म्हणजे प्लास्टिकसारख्या कडक पदार्थाचे, पुतळे एका ओळखीच्यांनी थ्रीडी प्रिंट करून दिले. इतके महिने हाताळल्यावर माझं मत धातूच्या बाजूने पक्कं झालंय. धातूचा भाला वाकतो, बोटाने सरळ होतो. रेझिनचा बारीक भाला मोडतो. कोल्हापूरच्या जुलैत स्प्रे प्राइमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारू नका. हवेतल्या दमटपणाने थर खरखरीत बसतो आणि पुढचा सगळा रंग त्यावर फुकट जातो. ब्रशने लावायचा प्राइमर पावसातही नीट बसला. पंधरा मिलिमीटरच्या चेहऱ्यावर डोळे काढत बसू नये. त्वचेचा रंग आणि वरून तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) एवढ्यावर हातभर अंतरावरून चेहरा जिवंत दिसतो. शेवटी मॅट वार्निश हवंच, बोटांच्या घामाने रंग उडतो. तळाला चुंबकाची पट्टी लावून स्टीलच्या डब्यात ठेवलेलं सैन्य पन्हाळ्याला गाडीतून नेऊन आणलं, एकही पुतळा पडला नाही.

उणीव एकच मोठी: नियमपुस्तकाची इंग्रजी. वाक्यं इतकी घट्ट विणलेली की एकेक परिच्छेद दोनदा वाचावा लागतो. कुणी खेळून दाखवणारं असेल तर अडचण निम्म्यावर येते.

मैदान मात्र इथल्या मुलांच्या हातातच आहे. दिवाळीत किल्ला करणाऱ्या पोराला डोंगर करायला शिकवावं लागत नाही. भाच्याने चाळलेली तांबडी माती आणि फेव्हिकॉल वापरून खिंड केली, कारण त्याला घोडखिंड खेळायची होती, १३ जुलै १६६०. डीबीएच्या सैन्ययाद्या साधारण इ.स. १५०० पर्यंतच्या, म्हणून मावळ्यांना आम्ही हलक्या पायदळाचं बळ दिलं. या खेळात शेजारून शत्रूची तुकडी लागली की आपल्या बेरजेतून एक वजा होतो. खिंडीत शेजारून लागायला जागाच नाही. मागे कितीही फौज असो, तोंडाशी लढणारी तुकडी एकच. बाजीप्रभूंनी ती जागा का धरली हे शाळेत वाचलं होतं; टेबलावर एकेका फाशाबरोबर ते उमगत गेलं, आणि अंगावर काटा आला.

सुरुवात करणाऱ्यांनी लगेच पुतळे घेऊ नयेत. पुठ्ठ्याच्या ४० मिलिमीटर रुंद पट्ट्या कापा, वर 'भालाईत', 'घोडदळ', 'हत्ती' लिहा आणि काही डाव खेळा. जे सैन्य हातात बसेल तेच मागवा. आणि रंगवायला घ्याल तेव्हा हत्तीपासून सुरू करा: मोठं अंग, राखाडी रंग, वर काळपट वॉश, आणि सुरकुत्या आपोआप उठून येतात.